गोष्टीचे तात्पर्य कोणी सांगायचे? सद्वर्तनाच्या शिकवणीची एक मराठी कथा (धागा)

१/
इसापनीतीतील गोष्ट संपली की खाली एक शब्द येतो : तात्पर्य. गोष्टीत कोल्हा असतो, कावळा असतो, ससा आणि कासव असतात. तात्पर्यात मात्र एक न दिसणारा वडीलधारा माणूस बोलत असतो. गोष्ट ऐकून काय समजायचे, हे त्याने ऐकणाऱ्याच्या आधीच ठरवून ठेवलेले असते. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या हा शब्द ऐकत वाढल्या.

२/
चांगले कसे वागावे, हे माणसाला शिकवता येते का? येत असेल, तर ते कोणी शिकवायचे? आणि शिकवणाराच वाईट वागत असेल, तर त्याला कोणी शिकवायचे? एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील महाराष्ट्राने या प्रश्नांची निदान चार उत्तरे करून पाहिली : पुस्तक, प्रश्न, झाडू आणि आईचा पदर. त्या चार उत्तरांची आणि त्यांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या दोन बंद दारांची ही हकीकत.

३/
आधी ‘नीती’ या शब्दाकडे पाहावे लागते. पंचतंत्राची कथा अशी की, महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाला तीन मंदबुद्धी पुत्र होते. विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत त्यांना नीतिनिपुण करण्याचे वचन दिले आणि प्राण्यांच्या गोष्टी सांगितल्या. पण त्या ग्रंथात नीती म्हणजे मुख्यतः व्यवहारचातुर्य. पहिल्याच तंत्रात दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो. बैल प्राणास मुकतो. दमनकाचे मात्र फावते. राजपुत्रांना जगाचे डावपेच कळावेत, हा त्या शिकवणीचा हेतू होता.

४/
मराठीत छपाई आली तेव्हा आरंभीच्या पुस्तकांत अशा कथांना मानाचे स्थान मिळाले. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी आपल्या राजधानीत ‘नवविद्याकलानिधी’ हा छापखाना काढला होता. तेथे १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक निघाले. ते इसापाच्या गोष्टींचे मराठी रूप होते. पुण्यात पेशवाई अजून नांदत होती आणि कावेरीच्या काठी मराठी मुलांसाठी ग्रीक कथा देवनागरीत छापल्या जात होत्या.

५/
पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी एक संस्था उभी राहिली. तिलाच पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणू लागले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा तिला पाठिंबा होता. पंचतंत्रावर आधारलेले ‘पंचोपाख्यान’ १८२२ मध्येच मुंबईत छापून निघाले. पुढे १८२८ च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीति’ ही पुस्तके आली. ‘बाळमित्र’चे मूळ फ्रेंच लेखक बर्कँ यांच्या बालकथांत होते, ते इंग्रजीमार्गे मराठीत उतरले.

६/
इसापाच्या पुस्तकाला मराठीत ‘नीती’ हेच नाव मिळाले, पण शब्दाचा अर्थ हळूहळू सरकला. दरबारातील डावपेच मागे पडले. खोटे बोलू नये, आळस करू नये, वडिलांचे ऐकावे, लोभ धरू नये, असा सर्वसामान्य मुलासाठीचा उपदेश पुढे आला. पंतोजींच्या जुन्या शाळेत धूळपाटी, मोडी अक्षर, उजळणी आणि पाढे यांवर भर असे. वागणुकीचे धडे घरात, देवळात आणि कीर्तनात मिळत. आता ते छापील पानावर, सरकारी शाळेच्या अभ्यासक्रमात आले. पहिले उत्तर तयार झाले : पुस्तक.

७/
पण पुस्तक उघडण्यापूर्वी शाळेचे दार उघडावे लागते. एल्फिन्स्टनने १८२० च्या दशकात लिहिलेल्या शिक्षणविषयक टिपणात एक निरीक्षण नोंदवले आहे : मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या मानलेल्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी वाटतात. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र उलटा होता. त्या जातींना विशेष उत्तेजन देताना सरकारने सावध राहावे. नवे शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले, तर इतर समाज ते शिवणारही नाही, अशी त्याला भीती होती. मुले हुशार आहेत हे मान्य, आणि म्हणूनच जपून, असा तो न्याय होता.

८/
या सावधगिरीची किंमत १८५६ मध्ये दिसली. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबई इलाख्यातील धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलगा गप्प बसला नाही. त्याने सरकारकडे दाद मागितली. मुंबई सरकारच्या उत्तराचा मथितार्थ असा होता : अर्जदाराच्या बाजूने न्याय आहे हे खरे, परंतु एका मुलाला आत घेतल्यास बाकीची मुले शाळा सोडतील आणि जी शाळा आज अनेकांच्या उपयोगी पडते ती ओस पडेल.

९/
प्रकरण कलकत्त्याला गेले, पुढे लंडनला गेले. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व प्रजाजनांसाठी खुल्या आहेत, हे तत्त्व स्पष्ट केले. तत्त्व कागदावर राहिले. त्यानंतर सुमारे चार दशके लोटली तरी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते. पाण्याच्या नळाला त्याने हात लावायचा नव्हता. शिपाई नळ सोडायला नसेल, तर त्या दिवशी त्याला पाणी मिळत नसे.

१०/
धारवाडच्या घटनेत दोन शिकवण्या एकाच वेळी चालू होत्या. वर्गातल्या पुस्तकात दया आणि न्याय होते. दारापाशी मात्र मोठी माणसे वेगळाच धडा गिरवत होती. आत बसलेल्या मुलांनी त्या वर्षी जे पाहिले, ते कोणत्याही पानावर छापलेले नव्हते. तरी ते पाठ होण्यास छडीची गरज पडली नसावी. लेकरे सांगितलेले विसरतात, पाहिलेले विसरत नाहीत. पुस्तकाच्या शिकवणीची मर्यादा इथे उघडी पडते.

११/
धारवाडचा अर्ज फेटाळला गेला, त्याच्या आधीच पुण्यात दुसरे उत्तर आकार घेत होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती. १८५२ मध्ये त्यांनी महार-मांग मुलांसाठी शाळा सुरू केली. या शाळांत मुलांनी काय पाठ केले, यापेक्षा त्यांनी काय विचारले, हे अधिक लक्षात राहण्यासारखे आहे. त्याचा पुरावा एका मुलीने स्वतःच लिहून ठेवला आहे.

१२/
तिचे नाव मुक्ता. फुल्यांच्या शाळेतील मांग समाजातली विद्यार्थिनी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात महार-मांगांच्या दुःखाविषयी तिचा निबंध दोन भागांत छापून आला. त्यात ती विचारते : वेद जर केवळ ब्राह्मणांचे असतील आणि आम्हांला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्म कोणता? पेशवाईत तालीमखान्यापुढून अस्पृश्य गेला तर त्याचे काय हाल होत, हे ती सांगते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या वेदना ती मांडते. आणि शेवटी आपल्याच लोकांना अज्ञान झटकून शिकण्याची हाक देते.

१३/
मुक्ताच्या निबंधाचे महत्त्व नीतिशिक्षणाच्या इतिहासातही आहे. तोवर तात्पर्य सांगणे हा वडीलधाऱ्यांचा, शास्त्रीबुवांचा, साहेबांचा अधिकार होता. इथे एक शाळकरी मुलगी साऱ्या समाजाच्या वागणुकीची गोष्ट सांगते आणि तिचे तात्पर्यही स्वतःच काढते. विद्यार्थ्याला सद्वर्तन शिकवायचे असेल, तर त्याला शिक्षकाच्या वर्तनावरही प्रश्न विचारता आला पाहिजे, हे त्या शाळेने शब्दांत न सांगता दाखवून दिले. दुसरे उत्तर : प्रश्न.

१४/
जोतीरावांनी हा विचार पुढे सरकारपुढेही ठेवला. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातील असावेत. वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराची हत्यारे हाती धरणारे आणि खालच्या मानलेल्या थरांत मोकळेपणी मिसळणारे असावेत, असे त्यांनी सांगितले. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण आणि शेती यांच्याबरोबर नीती आणि आरोग्य यांचे थोडे पाठ असावेत, हीही सूचना होती. नीती आणि स्वच्छता हे दोन शब्द त्यांनी शेजारी शेजारी ठेवले होते. पुढच्या शतकात त्याला वेगळाच अर्थ येणार होता.

१५/
१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिणे चालू ठेवले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. ते त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सत्यवर्तन करणाऱ्यांचे ३३ नियम आहेत. हे नियम मुलांसाठी नाहीत, प्रौढांसाठी आहेत. आणि ते सांगताना स्त्री आणि पुरुष या दोघांचाही उल्लेख जोतीराव आवर्जून करतात. ग्रंथाची रचनाही पाहण्यासारखी आहे. लोक येतात, शंका विचारतात आणि जोतीराव उत्तरे देतात. वर्तनाचा नियम संवादातून निघावा, ही त्यांची धारणा त्या मांडणीतच उतरली आहे.

१६/
तरीही एक अडचण उरतेच. संवाद पुस्तकात असला, तरी पुस्तक वाचणारे किती? १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरातील जेमतेम पाच-सहा माणसांना लिहिता-वाचता येत होते. उरलेल्या चौऱ्याण्णव-पंच्याण्णव जणांपर्यंत कोणतेही छापील तात्पर्य पोहोचणार नव्हते. त्यांच्यापर्यंत जाणारा माणूस वऱ्हाडातून आला, आणि त्यालाही लिहिता-वाचता येत नव्हते.

१७/
डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील दारूच्या व्यसनात गेले. पोरका मुलगा आईबरोबर मामाच्या घरी, पूर्णेच्या खोऱ्यात वाढला. गुरे राखली, शेत कसले. मामांची जमीन सावकाराच्या कागदांत अडकली. कागदावर काय लिहिले आहे, हे घरात कोणाला वाचता येत नव्हते. दारू, कर्ज आणि निरक्षरता : पुढे आयुष्यभर ज्या तीन गोष्टींविरुद्ध त्यांनी लोकांना सांगितले, त्या तिन्ही त्यांनी घरातच पाहिल्या होत्या.

१८/
मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाचे जेवण घालण्याची रीत होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. आधी स्वतःच्या पंगतीत, मग दुसऱ्याच्या गावात, हा क्रम त्यांनी पुढेही मोडला नाही. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा पोशाख, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात झाडू आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

१९/
बाबा गावात शिरत आणि कोणाशी न बोलता रस्ता झाडू लागत. गटारे उपसत, पाणवठ्याकडची घाण काढत. गावकरी प्रथम हसत, मग पाहत, मग त्यांतले काही हाती झाडू घेत. दिवसभर गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तन होई. ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ हा गजर सुरू झाला की माणसे जमत. कीर्तनाचा अधिकार त्या दिवशीच्या श्रमाने मिळवलेला असे. ज्याने सकाळी आपल्या दारापुढचा उकिरडा उचलला, त्याचे बोलणे रात्री ऐकणे भागच होते.

२०/
त्यांच्या कीर्तनाची रीत रूढ कीर्तनापेक्षा वेगळी होती. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि समुदायाकडून उत्तर वदवून घेत. देव बकऱ्याचे रक्त मागतो का? कर्ज काढून सण केला तर ते फेडतो कोण? माणसाच्या स्पर्शाने माणूस बाटतो का? उत्तर हजारो मुखांतून एकदम येई. घरी जाताना प्रत्येक जण बाबांचा उपदेश नेत नसे. आपण स्वतः चारचौघांत मोठ्याने दिलेला जबाब नेत असे. तात्पर्य सांगण्याचे काम कीर्तनकाराने श्रोत्यांकडे सोपवले होते.

२१/
मुलांच्या शिक्षणाबाबत त्यांचे सांगणे ठाम असे. जेवणाचे ताट विकावे लागले तर विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, या आशयाचे आवाहन ते पुनःपुन्हा करीत. लोकांनी पाया पडलेले त्यांना खपत नसे. आपला कोणी शिष्य नाही, असे ते म्हणत. लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांचा वारसा स्वतःच्या घरच्यांकडे जाणार नाही याची त्यांनी काळजी घेतली. तिसरे उत्तर : झाडू.

२२/
पंढरपूर हे या कथेतले दुसरे बंद दार. शेकडो वर्षे वारी चालत होती, अभंगांत समता गायली जात होती, पण विठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. वारीला आलेल्या त्या माणसांना राहायलाही जागा नसे. गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. मंदिराच्या गाभाऱ्याऐवजी त्यांचा मुक्काम चंद्रभागेच्या वाळवंटात असे; तेथे ते झाडत आणि कीर्तन करीत. १९४९ मध्ये ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली.

२३/
इथे बाबासाहेबांचा एक प्रश्न टाळता येत नाही. ज्यांच्यावर अन्याय होतो, त्यांनी अन्याय करणाऱ्याच्या हृदयात सद्वर्तन उगवण्याची वाट किती काळ पाहायची? १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेनेही ते मान्य केले. वागणूक बदलली नाही. म्हणून २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. त्यानंतर सत्याग्रहींना मार खावा लागला आणि सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. शिकवण आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; एकीचे कारण सांगून दुसरी लांबवता येत नाही, हे महाडने दाखवले.

२४/
चौथे उत्तर एका शिक्षकाचे आहे. पांडुरंग सदाशिव साने, जन्म १८९९, गाव कोकणातील पालगड. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांचा अव्यवस्थितपणा पाहून त्यांनी नियमांची पाटी लावली नाही. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडत, कपड्यांच्या घड्या घालत, कंदिलांच्या काचा पुसत. काही दिवसांनी मुले शरमली आणि आपले काम आपण करू लागली. वऱ्हाडात गाडगेबाबा जे गावांना शिकवत होते, तेच खानदेशात साने गुरुजी एका वसतिगृहाला शिकवत होते.

२५/
१९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिले. आश्रमात रात्री सांगितलेल्या आठवणी, अशी त्या पुस्तकाची रचना आहे. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून लहानगा श्याम हट्ट करतो. आई दगडावर आपले ओले लुगडे पसरते आणि त्यावर पाय ठेवायला सांगते. तळव्यांसारखेच मनालाही घाण लागू नये म्हणून जप, हे ती त्यानंतर म्हणते. वाक्य मराठी घराघरांत पोहोचले. पण त्याआधी पदर पसरला गेला होता, हे विसरता कामा नये.

२६/
त्याच पुस्तकात एक अवघड प्रसंग आहे. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडते. तिला ती उचलता येत नाही आणि कोणी पुढे होत नाही. श्यामची आई मुलाला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि घरी आल्यावर आंघोळ कर. आजच्या वाचकाला त्या आंघोळीपाशी ठेच लागते, आणि लागायला हवी. ती माउली रूढीच्या चौकटीतच उभी होती. तिने दार पूर्ण उघडले नाही. पण त्या गावात त्या काळी इतर कोणी हलवली नव्हती ती कडी तिने हलवली. गुरुजींनीही लिहिताना आंघोळीचा तपशील गाळून आईला अधिक थोर केले नाही.

२७/
उरलेले काम मुलाने केले. १९४७ च्या आरंभी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गावोगाव जनमत जागवले. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभले. १० मे रोजी ते सुटले. मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले होते. मोळी उचलून दिल्यावर आंघोळ करणाऱ्या मुलापासून या उपोषणापर्यंतचे अंतर मोठे आहे. आईने जिथे थांबवले तिथून मुलगा पुढे चालला. कोणत्याही नीतिशिक्षणाची परीक्षा बहुधा इथेच होते : शिकणारा शिकवणाऱ्याच्या पुढे जाऊ शकला का?

२८/
गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, प्रवासातच निवर्तले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा अवघे चौदा दिवस झाले होते. २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले; गावांत स्पर्धा लागल्या, बक्षिसे दिली गेली आणि अनेक गावांनी खरोखर हाती झाडू घेतला. बाबांच्या काळात बक्षीस नव्हते. एक अनोळखी माणूस आपल्या दारापुढची घाण काढतो आहे, हे पाहून वाटणारी लाज, एवढीच त्या स्पर्धेची सुरुवात असे.

२९/
१८५६ मध्ये धारवाडच्या शाळेच्या दाराशी एक मुलगा उभा होता आणि आत इसापनीती शिकवणारा समाज त्याला आत येऊ देत नव्हता. १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिराच्या दाराशी एक शिक्षक उपाशी बसला होता आणि तो स्वतः आत जाऊ शकत होता. या एक्याण्णव वर्षांत नीतीची पुस्तके पुष्कळ छापली गेली. पण त्या दोन दारांमधले अंतर तोडले ते त्या अर्जदार मुलाने, मुक्ताने, डाव्या हाताने लिहिणाऱ्या जोतीरावांनी, महाडला ओंजळ भरणाऱ्यांनी, झाडणाऱ्या बाबांनी आणि कंदील पुसणाऱ्या गुरुजींनी. यांतल्या एकानेही आधी तात्पर्य सांगून मग गोष्ट सुरू केली नव्हती.

(समाप्त)